चक्रव्यूह बघायला जाताना: घरच्या वहीपासून शार्त्रच्या फरशीपर्यंत

फ्रान्समधल्या शार्त्रला मी पहिल्यांदा गेलो तो शनिवारी. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून गाडी पकडली, तासाभरात पोचलो, चढ चढून कॅथेड्रलच्या दारातून आत शिरलो आणि जमिनीकडे बघतो तर खुर्च्या. ओळीनं मांडलेल्या खुर्च्याच खुर्च्या, आणि त्यांच्या पायांमधून डोकावणारे काळसर दगडाचे तुकडे. फरशीत दगडांनी आखलेल्या ज्या चक्रव्यूहासाठी एवढा आलो तो खुर्च्यांखाली होता. तिथे खुर्च्या हटवून चक्रव्यूह चालायला मोकळा करतात तो शुक्रवारी, आणि तोही लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासकाळापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच. मी गाडीची वेळ बघितली होती, मुक्काम बघितला होता, जेवायचं कुठे तेही बघितलं होतं. वार तेवढा बघितला नव्हता.

तेव्हापासून चक्रव्यूहाच्या वाटेला जाण्याआधी काही गोष्टी ठरलेल्या क्रमानं करतो. तोच क्रम इथे देतो आहे.

आधी घोळ मिटवा: चक्रव्यूह की भुलभुलैया?

इंग्रजीत लॅबिरिंथ आणि मेझ असे दोन शब्द आहेत आणि खुद्द इंग्रज त्यांची सरमिसळ करतात. आपल्याकडे सोय आहे. जिथे वाट एकच, फाटा एकही नाही, वळणं घेत घेत ती मध्यापर्यंत नेते आणि त्याच वाटेनं परत यायचं, तो चक्रव्यूह. जिथे फाटे आहेत, बंद गल्ल्या आहेत आणि चुकणं हाच खेळ आहे, तो भुलभुलैया.

हे कळलं नाही तर फसगत होते. लखनौच्या बडा इमामबाड्यात 'ध्यान लावून चालायला' गेलेला माणूस वैतागून परत येतो, आणि शार्त्रला 'हरवायला' गेलेला म्हणतो, यात काय विशेष?

अभिमन्यूची गोष्ट ऐकून आपली समजूत असते की चक्रव्यूहातून बाहेर पडणं अवघड. पण दगडात किंवा कागदावर काढलेला चक्रव्यूह बघितलात तर बाहेर येणं आत जाण्याइतकंच सरळ दिसतं. अभिमन्यूला अडवलं ते वाटेनं नाही, वाटेवर उभ्या असलेल्या माणसांनी.

पायरी पहिली: घरी बसून एक काढा

ही पायरी गाळू नका. जुने चक्रव्यूह अर्धे झिजलेले असतात, दगड हललेले असतात, गवत माजलेलं असतं. आकृती हाताखालून गेलेली नसेल तर समोर असूनही दिसत नाही.

सात वेढ्यांची जुनी आकृती अशी काढतात. वहीच्या पानाच्या मध्याच्या थोडं खाली अधिकचं चिन्ह काढा. त्यानं पाडलेल्या चार कोनाड्यांत एकेक काटकोन काढा. काटकोनाचा कोपरा अधिकच्या मध्याकडे, भुजा बाहेर. मग प्रत्येक काटकोनाच्या बाहेरच्या बाजूला, तिरकस दिशेला, एकेक टिंब द्या. रांगोळीच्या हातानं काढलंत तर दोन मिनिटांचं काम. आता गोलाकार फिरलात तर सगळी मिळून सोळा टोकं होतात: अधिकची चार, काटकोनांची आठ आणि चार टिंबं.

पहिली कमान अधिकच्या वरच्या टोकापासून त्याच्या लगेच उजवीकडच्या टोकापर्यंत. दुसरी कमान अधिकच्या लगेच डावीकडच्या टोकापासून पहिल्या कमानीवरून जाऊन उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकापर्यंत, म्हणजे टिंबापर्यंत. मग डावीकडचं पुढचं, उजवीकडचं पुढचं, असं करत खाली या. आठ कमानी झाल्या की सगळी टोकं संपतात आणि अधिकच्या खालच्या टोकाच्या डाव्या बाजूला तोंड उघडं राहतं.

आता पेन्सिलीनं आत शिरा. वाट पहिल्या वेढ्यात जात नाही, थेट तिसऱ्यात जाते. बाहेरून मोजलं तर क्रम असा: तीन, दोन, एक, चार, सात, सहा, पाच आणि मग मध्य. म्हणजे आत शिरल्यावर वाट आधी तुम्हाला सगळ्यात बाहेरच्या कडेला आणून सोडते, आणि मध्याला घासून गेल्यावर पुन्हा थोडी लांब नेते. प्रदक्षिणेत आपण गाभाऱ्याभोवती फिरतो आणि बाहेरच राहतो. इथे फिरता फिरता गाभाऱ्यात जातो, तेही तोंडाशी आलेला घास दोनदा निसटल्यावर.

भारतात याचा एक वेगळा प्रकारही आढळतो. त्याच्या मध्यात अधिकऐवजी तीन फाट्यांची सुरुवात असते आणि त्यामुळे गाभ्याशी शंखासारखी गुंडाळी दिसते. तो दिसला तर आकृती चुकली असं समजू नका. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून ताटात चक्रव्यूह काढून तो धुतलेलं पाणी बाईला पाजायची चाल देशाच्या काही भागांत होती.

पायरी दुसरी: शोध

सगळ्यात सोपं साधन म्हणजे 'वर्ल्डवाइड लॅबिरिंथ लोकेटर' हे संकेतस्थळ. व्हेरिडिटास आणि द लॅबिरिंथ सोसायटी या दोन संस्था ते मिळून चालवतात. देश किंवा शहर टाकलं की यादी येते. प्रत्येक नोंदीत आकृतीचा प्रकार, कशाचा बनवला आहे, कायमचा की तात्पुरता, सगळ्यांना खुला की विचारून जायचा, हे असतं. ही माहिती लोकांनीच भरलेली असते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कुणाच्या बागेत विटांनी केलेला चक्रव्यूह आज तिथे पार्किंग होऊन बसला असण्याची शक्यता धरा. निघण्याआधी उपग्रह-नकाशावर ती जागा मोठी करून बघा. मोकळ्या जागेतली कडी वरून छान ओळखू येतात.

पण या यादीत जुनं सगळं नाही. त्यासाठी स्थानिक नावानं शोधावं लागतं, आणि खरी मजा इथे आहे. इंग्लंडच्या खेड्यात 'ट्रॉय टाउन', स्वीडनमध्ये 'ट्रोयाबोर्ग', म्हणजे ग्रीक कथांतल्या ट्रॉय शहराचा कोट. फिनलंडमध्ये 'जातुलिनतारहा', राक्षसांची बाग. आणि आपल्याकडे? अल बिरुनीनं १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारताच्या वर्णनात हीच आकृती दिली आहे, ती रावणाच्या लंकेचा कोट म्हणून. जो कोट पडता पडत नव्हता त्याचं नाव द्यायचं, ही खोड तिकडेही तीच आणि इकडेही तीच. म्हणून खेड्यात चौकशी करताना 'लॅबिरिंथ कुठे आहे' असं विचारून काही हाती लागत नाही. वहीतलं चित्र दाखवा. गुराखी आणि म्हातारी माणसं चटकन ओळखतात.

पायरी तिसरी: आपल्याकडून सुरुवात

गोव्याला जाणार असाल तर एक सकाळ किनारा सोडून सांगे तालुक्यात घालवा. जांबावलीच्या दामोदराला पुष्कळ लोक जातात. तिथून पुढे रिवण, आणि रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ, म्हणजेच पणसायमळ. नदीकाठच्या सपाट जांभ्या कातळावर बैल, हरणं, माणसं अशी शंभराहून अधिक चित्रं कोरलेली आहेत, आणि त्यात एक गोल चक्रव्यूह. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती; अभ्यासकांपुढे आली ती १९९३ मध्ये. कोकणच्या कातळशिल्पांची जी यादी युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांत आहे, तिच्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ठिकाणांबरोबर हेही आहे.

दुपारी बारा वाजता गेलात तर काही दिसणार नाही. वरून पडणाऱ्या उन्हात जांभा एकसारखा लाल होतो आणि खोदलेल्या रेषा पुसल्यासारख्या होतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, ऊन तिरपं असताना. मी गेलो तेव्हा तिथल्या राखणदारानं बादलीनं थोडं पाणी कातळावर सोडलं. पाणी आधी चरांत उतरलं, वरचा दगड वाळू लागला आणि चर ओलेच राहिले. एकेक कडं काळं होत उमटत गेलं, कुणी गेरूवर काजळानं काढत असल्यासारखं. पाणी एवढंच चालतं. खडूनं रेषा भरणं, विटकरीनं गिरवणं, चपलेनं शेवाळ खरवडणं, हे कुठल्याही कातळशिल्पावर करू नका. फोटो छान येतो म्हणून लोक करतात आणि खडूचे कण चरात बसून राहतात. हा चक्रव्यूह चालायचा नाही, डोळ्यांनी फिरायचा आहे. त्यावर पाय देऊ नका. पावसाळाभर हे ठिकाण टाळा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बरं.

सोलापूरच्या बोरामणी माळरानावरचा चक्रव्यूह डिसेंबर २०२५ मध्ये बातम्यांत आला. जमिनीलगत दगड मांडून केलेला, साधारण ५० फूट बाय ५० फूट, आणि वेढे १५. भारतात आजवर नोंदलेल्या गोल चक्रव्यूहांत एवढे वेढे दुसऱ्या कुठल्याच नाहीत. सातवाहनकाळातल्या रोमन व्यापाराशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. हा अंदाज आकृतीच्या तुलनेवरून आणि जुन्या व्यापारी वाटांवरून बांधलेला आहे. मोकळ्या माळावर नुसते दगड मांडलेले असले की त्यांचं वय सांगणं फार अवघड असतं, म्हणून 'दोन हजार वर्षांपूर्वीचा' असं लिहिताना पुढे 'अंदाजे' लावायला विसरू नका.

तिथे जायचं तर आधी वनखात्याकडे विचारा. हा माळढोकाचा आणि लांडग्याचा मुलूख आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. गाडी गवतात घालू नका. आणि एक कळकळीची विनंती: दगड उचलू नका. नीट लावायच्या हेतूनंही नको. अशा ठिकाणी दगडाची जागा हाच पुरावा असतो, आणि हौशी माणसानं 'सरळ' केलेली ओळ पुढच्या अभ्यासकाला फसवते. नेमकं ठिकाण नकाशाच्या खुणेसकट सगळीकडे पाठवायची घाईही नको.

कर्नाटकात हळेबीडला होयसळेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर बाराव्या शतकातला अभिमन्यूचा प्रसंग कोरलेला आहे, चक्रव्यूहासकट. बेलूर-हळेबीडच्या सहली मराठी माणूस भरपूर करतो आणि त्याच्यासमोरून तरातरा निघून जातो. गाईडला नावानिशी विचारा.

लखनौचा भुलभुलैया वेगळ्या जातीचा, पण बघायला हवा. नवाब असफउद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून इमामबाड्याचं बांधकाम काढलं. मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब, आत एकही खांब नाही, तुळई नाही. ते छत तोलण्यासाठी वरच्या भिंती पोकळ ठेवाव्या लागल्या, आणि त्या पोकळीतले जिने, बोळ आणि एकसारखे दरवाजे म्हणजे हा भुलभुलैया. म्हणजे कुणाला चकवायला तो बांधलेलाच नाही. इथे गाईड घ्या. बोळ अरुंद आहेत, काही ठिकाणी मिट्ट काळोख. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी खाली दिवाणखान्यातच थांबावं. दिवाणखान्याच्या एका टोकाला काडी ओढली की दुसऱ्या टोकाच्या सज्जात ऐकू येते. गाईड ते करून दाखवतातच, पण तुम्ही आधी त्या टोकाला जाऊन उभे राहा, मग काडी ओढायला सांगा.

पायरी चौथी: परदेशात, वार बघून

ग्रीसच्या क्रीट बेटाबद्दल आधीच सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाचा चक्रव्यूह क्रीटमधल्या क्नोसोसला होता असं पुराण आहे, पण तिथल्या राजवाड्याच्या अवशेषांत चक्रव्यूह म्हणून दाखवायला काही नाही. पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून खणून काढलेला तो राजवाडा खोल्यांच्या गुंत्यामुळे तसा वाटतो, इतकंच. आकृती बघायची तर क्नोसोसची जुनी नाणी बघा, त्यांवर ती स्पष्ट आहे. ग्रीसमध्येच पायलोसला सापडलेल्या इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या मातीच्या पाटीवर, हिशेबाच्या मागच्या बाजूला, कुणीतरी चौकोनी चक्रव्यूह काढून ठेवला आहे. कंटाळलेला कारकून असावा.

शार्त्रला मी दुसऱ्या वेळी शुक्रवारी गेलो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा चक्रव्यूह जवळपास १३ मीटर व्यासाचा, ११ वेढ्यांचा. मध्यापर्यंतची वाट २६० मीटरच्या आसपास. तेवढंच परत, म्हणजे अर्धा किलोमीटर. वाट जेमतेम एक पाऊल रुंद आहे, ३४ सेंटिमीटर. एकाच वेळी वीस माणसं आत असतात, समोरून येणारा भेटतोच, आणि तेव्हा एकानं शेजारच्या वेढ्यावर पाऊल टाकून जागा द्यायची आणि पुन्हा आपल्या वाटेवर यायचं. मी एकदा चुकून शेजारच्याच वेढ्यात राहिलो आणि मध्याऐवजी तोंडाशी आलो. फाटा नसलेल्या वाटेवर हरवता येतं, ते असं. मध्यभागी सहा पाकळ्यांचं फूल आहे. जिथे पूर्वी धातूचा पत्रा होता तिथे आता नुसते खिळ्यांचे ठोंब राहिलेत. यात्रेकरू इथे गुडघ्यांवर चालून जेरुसलेमची यात्रा पुरी करत, असं सर्रास सांगतात; त्या काळच्या कागदपत्रांत याला आधार मिळत नाही. ऐकून घ्या, लिहू नका.

फ्रान्समध्येच अमियाँच्या कॅथेड्रलमध्ये अष्टकोनी चक्रव्यूह आहे. मूळ १२८८ चा, आजची फरशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नव्यानं घातलेली. रँसच्या कॅथेड्रलमधला अठराव्या शतकात उखडून टाकला. तिथे शोधत बसू नका.

इटलीत लुक्काच्या कॅथेड्रलच्या ओसरीतल्या खांबावर ताटाएवढा एक चक्रव्यूह कोरलेला आहे. बोटानं फिरवायचा. शतकानुशतकं बोटं फिरून त्याचा मध्य गुळगुळीत झाला आहे. दोन मिनिटांचं काम, पण मला तो शार्त्रइतकाच आवडला. त्याच देशात पार्माजवळ फोंतानेल्लातोला फ्रांको मारिया रिची यांनी २०१५ मध्ये लोकांना खुला केलेला बांबूचा भुलभुलैया आहे: दोन लाखांच्या आसपास बांबू, सात हेक्टर. पाणी आणि वेळ दोन्ही हाताशी ठेवून जा.

हिरवळीत चर खणून केलेले चक्रव्यूह इंग्लंडमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सगळ्यात मोठा एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावच्या कॉमनवर, म्हणजे गावाच्या मोकळ्या मैदानावर, १७ वेढ्यांचा, एक मैलाच्या वाटेचा. १६९९ मध्ये तो दुरुस्त केल्याची नोंद आहे. फुकट आहे, कुंपण नाही, फाटक नाही. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून ऑडली एंडची गाडी घ्या आणि तिथून बस किंवा पायी. पावसानंतर गेलात तर बूट बदलायची तयारी ठेवा.

लंडनच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातला झाडांच्या भिंतींचा भुलभुलैया सतराव्या शतकाच्या अखेरचा, मुलांना घेऊन जायला उत्तम. तिथे एक हात भिंतीला लावून, न उचलता चालत राहिलात तर मध्याला पोचता. ही युक्ती सगळीकडे चालत नाही. इंग्लंडमधल्याच लाँगलीटच्या १९७५ च्या भुलभुलैयात पूल आहेत, वाट वाटेवरून जाते, तिथे हात लावून फिरत बसलात तर फिरतच बसाल.

बाल्टिकच्या किनाऱ्यांवर दगडांचे शेकडो चक्रव्यूह आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बीजवळचा ट्रोयाबोर्ग त्यातला पोचायला सोपा.

चालायचं कसं

नियम नाही. गुरू लागत नाही, मंत्र लागत नाही. पाठीवरची पिशवी मात्र बाहेर ठेवा, वळणावर ती दुसऱ्यांना लागते. फोन खिशात. मुलं पळत जातात, जाऊ द्यावं. वाट त्यांनाही तीच आहे. जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला ठेवा. बरेच लोक मध्याला पोचले की फोटो काढून रेषा ओलांडत सरळ बाहेर येतात आणि मग म्हणतात, काही वाटलं नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शंभर-दीडशे मीटरच्या वाटेतही वळणं पुष्कळ असतात आणि प्रत्येक वळणावर गुडघा पिळतो. चढापेक्षा हे जास्त जाणवतं. एकट्यानं चालायला संकोच वाटत असेल तर मे महिन्याचा पहिला शनिवार निवडा. त्या दिवशी जागतिक लॅबिरिंथ दिन असतो आणि जगभर लोक आपापल्या घड्याळात दुपारी एक वाजता चालायला सुरुवात करतात.

लंडनकरांसाठी

लंडनमध्ये राहत असाल तर यातलं काहीच करायची गरज नाही. भुयारी रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, मार्क वॉलिंजर या कलावंतानं २७० स्टेशनांसाठी २७० चक्रव्यूह केले. पांढऱ्या-काळ्या इनॅमलच्या पाट्या, प्रत्येक वेगळी, आणि जिथून शिरायचं तिथे लाल फुली. सगळी स्टेशनं सर्वांत कमी वेळात पालथी घालण्याचा जो विक्रम २००९ मध्ये झाला, त्यातल्या क्रमानुसार पाट्यांना आकडे दिलेत.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला डॉलिस हिलला उतरता ना? तिथेही पाटी आहे. रोज ये-जा करणाऱ्या एका मित्राला मी विचारलं, तर त्यानं ती कधी बघितलीच नव्हती. सणाच्या दिवशी आम्ही दोघं उतरलो, त्यानं जेवणाचे डबे एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताचं बोट लाल फुलीवर ठेवलं. मागून एक आजी म्हणाल्या, "अहो, वाट अडवू नका हो, आरती सुरू होईल." त्यानं बोट न उचलता अंग चोरून त्यांना जागा दिली.